आपला दस्तरखान आणि शहरातले नवे पदार्थ

नववीच्या वर्गाला यंदा मी निबंधासाठी जुनाच विषय दिला, 'माझा आवडता पदार्थ'. नोकरीला लागल्यापासून हा विषय मी अधूनमधून देत आले आहे, त्यामुळे वह्यांत काय वाचायला मिळणार हे मला साधारण ठाऊक असते. कोणी बिर्याणी लिहितो, कोणी दालचा, कोणी रमजानच्या रात्री मोमीनपुऱ्यात मिळणारी नहारी, कोणी चौकातला तर्री-पोहा. यंदा मात्र वह्यांत मोमोज होते, शवर्मा होता, हक्का नूडल्स होत्या, आणि तीन-चार मुलींनी तर चक्क 'रामेन' लिहिले होते. त्यातल्या एकीला मी जवळ बोलावून विचारले, "हे कुठे खाल्लेस गं?" ती म्हणाली, "खाल्ले नाही मॅडम, मोबाईलवर बघितले."

आमच्या शाळेत येणारी मुले मोमीनपुरा, टेका, यशोधरानगर अशा वस्त्यांतली. कोणाचे अब्बा ऑटो चालवतात, कोणाचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे, कोणाची अम्मी घरी शिवणकाम करते. ज्या पदार्थाचे नाव आई-वडिलांनी ऐकलेले नाही, त्याची चव ही मुले मनातल्या मनात ठरवून बसली आहेत. माझ्या घरातही वेगळे काही नाही. मुलगी बारावीला आहे, मुलगा आठवीला. कोरियन मालिकेत कोणी वाडग्यातून शेवया ओढायला लागले की दोघांनाही एकदम भूक लागते.

नागपूरही बदलले आहे. धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत जपानी, थाई, कोरियन, लेबनीज पदार्थ देणारी छोटी-मोठी कॅफे निघाली आहेत. फुटाळ्याला आणि आयटी पार्कच्या रस्त्याला संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात आणि त्यांत मोमोजची गाडी नाही असे होत नाही. आपल्या वस्त्यांतही शवर्म्याचे उभे गज फिरू लागले आहेत.

यावर आपल्या घरांत साधारणपणे दोन उत्तरे ऐकू येतात. एक, "बाहेरचे काही खायचे नाही, हलाल-हरामचा भरवसा नाही." दुसरे, "आजकाल सगळेच खातात, किती बघत बसायचे!" पहिले उत्तर ऐकून मुले घरी सांगणे बंद करतात. दुसरे ऐकून विचारणे बंद करतात. मला दोन्हींची भीती वाटते. मुलगी कॉलेजला जाते, तिच्या मैत्रिणी सगळ्या समाजांतल्या आहेत, वाढदिवस असतात, परीक्षा संपल्यावर एकत्र जाणे असते. ती बाहेर खाणारच. प्रश्न एवढाच उरतो की ती आपल्याला सांगून खाणार की लपवून, आणि विचारून खाणार की डोळे मिटून.

म्हणून तिच्या अब्बांशी बोलून आम्ही घरात एक पद्धत सुरू केली. महिन्यातला एक रविवार नव्या पदार्थाचा. पदार्थ मुलांनी निवडायचा, पण तो कुठला, कशाचा, कसा बनतो हे आधी त्यांनीच शोधून सांगायचे. ठिकाणी पोहोचल्यावर जे विचारायचे तेही त्यांनीच विचारायचे. आम्ही दोघे फक्त सोबत. गेले वर्षभर हे चालू आहे आणि त्यातून जे हाती लागले ते वाचक भगिनींपुढे ठेवावे असे वाटले.

पहिली पाळी मोमोजची होती. आमच्या सासूबाईंनाही सोबत नेले होते. वाफाळती प्लेट समोर आली, त्यांनी एक मोमो उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, ये तो उबला हुआ समोसा है!" त्या दिवशी आम्ही कोबी-गाजराचे मोमोज घेतले होते, कारण कोंबडी कुठून आणता या प्रश्नाला गाडीवाल्याकडे नीट उत्तर नव्हते. "मार्केटमधून येते" एवढेच तो सांगत होता. मुलगा जरा हिरमुसला. पण भाजीचे मोमोजही त्याने दोन प्लेट संपवले.

घरी आल्यावर त्याने शोधलेली माहिती वाचून दाखवली. मोमो हा मूळचा तिबेट-नेपाळकडचा पदार्थ. १९५९ नंतर तिबेटी लोक भारतात आले आणि त्यांच्याबरोबर तो भारतभर पसरला. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची नोर्गेलिंग नावाची वसाहत आहे. हिवाळ्यात शहरांत स्वेटर विकायला बसणारे तिबेटी लोक आपण लहानपणापासून पाहतो, पण त्यांच्या घरचा पदार्थ आपण खातो आहोत हे मुलाला तेव्हा कळले. त्याहून जास्त नवल त्याला याचे वाटले की तिबेटी लोकांत मुसलमानही आहेत. काश्मीर, लडाख, नेपाळकडून व्यापारासाठी गेलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ल्हासाला राहिली, तिथे मशिदी उभ्या राहिल्या. १९५९ नंतर त्यांच्यातले बरेच जण भारतात आले आणि श्रीनगरला स्थायिक झाले. त्यांच्या घरी मोमो हा ईदलाही चालणारा पदार्थ. आणखी पुढे गेले तर उझबेकिस्तानात आणि तुर्कस्तानात 'मंती' नावाने याचाच भाऊबंद भेटतो, आत खिमा भरलेला. सासूबाई हे सगळे ऐकत होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः खिमा परतला, मैदा मळला आणि इडलीच्या भांड्यात मोमोज उकडले. चटणी मात्र आपली, लसूण-मिरचीची. आता पाहुणे आले की त्या सांगतात, "हमारे यहाँ का खिमे का मोमो खा के देखो."

चायनीजची पाळी आली तेव्हा मुलीने आणलेली माहिती अशी की आपण ज्याला चायनीज म्हणतो त्यातले बरेच काही चीनमध्ये मिळतच नाही. चिकन मंचुरियन हा पदार्थ १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वाँग यांनी केला असे सांगितले जाते. वाँग कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे स्वयंपाकी. त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची हे आपलेच वाटण घेतले, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लाल रंगाच्या गाडीवर जे मिळते ते मुंबईचे आहे, चीनचे नाही. उलट खुद्द चीनमध्ये मुसलमानांचे मोठे खाद्य आहे. लांझोऊ शहरातल्या हाताने ओढलेल्या शेवया आणि गोमांसाचा रस्सा सगळ्या चीनमध्ये प्रसिद्ध आहेत आणि तो पदार्थ आजच्या रूपात लोकप्रिय करण्याचे श्रेय मा बाओझी या हुई मुसलमान विक्रेत्याला दिले जाते. साल १९१५ चे. "मग अम्मी, नूडल्स आपल्याच की!" असे मुलगा म्हणाला. मी म्हणाले, आपल्या-परक्याचा हिशेब असा लावला तर समोसाही परका निघेल.

आणि तो निघतोच. इब्न बतूता १३३४ साली दिल्लीला मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारात आला. तिथल्या जेवणात खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाला भरून तळलेल्या समोशाचे वर्णन त्याने केले आहे. हा समोसा मध्य आशिया-इराणकडून आलेला. जिलेबी ही अरबांची जुलाबिया. फालुदा इराणचा. ज्या मिरचीशिवाय आपली तर्री लाल होत नाही आणि नागपूरचा सावजी रस्सा डोळ्यांतून पाणी काढू शकत नाही, ती मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी सोळाव्या शतकात इथे पोहोचली. टोमॅटो, बटाटा यांचीही तीच कथा. मेमन घरांत 'खाऊसा' होतो, नूडल्सवर नारळाच्या दुधाचा रस्सा. तो ब्रह्मदेशात व्यापाराला गेलेल्या लोकांनी परत येताना आणला. म्हणजे आपल्या दस्तरखानावर बाहेरचे पदार्थ आधीपासूनच बसलेले आहेत. एखादा पदार्थ बाहेरचा आहे म्हणून तो वाईट, असे म्हणायला आपल्याला तरी तोंड नाही.

दीनची शिकवणही तशी नाही. हदीसमध्ये प्रसंग आहे. हजरत मैमूना (र.) यांच्या घरी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर भाजलेला 'दब' ठेवण्यात आला. घोरपडीसारखा हा वाळवंटी प्राणी. प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (र.) यांनी विचारले की हा हराम आहे का? प्रेषितांनी (स.) सांगितले की हराम म्हणून नव्हे, तर आपल्या लोकांच्या प्रदेशात तो नसतो म्हणून मन घेत नाही. हजरत खालिद (र.) यांनी तो तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ला. फिकहमध्ये या प्राण्याबद्दल मतभेद आहेत, तो विषय आलिम मंडळींचा. मी मुलांना यातली रीत शिकवते. मनाला न रुचणे ही एक गोष्ट आणि मनाई असणे ही दुसरी. आपल्याला आवडले नाही म्हणून दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवायचे नाही. सासूबाईंनी सुशीवरच्या समुद्री शेवाळाचा वास घेतला आणि प्लेट हळूच मुलीकडे सरकवली. 'छी' म्हणाल्या नाहीत. तेवढे पुरे.

पण हे झाले चवीचे. हलाल-हरामचा प्रश्न याने सुटत नाही, तो स्वतंत्रपणे आणि नीट विचारावा लागतो. रामेनच्या वेळी हे कळले.

ते ठिकाण रामदासपेठेकडचे, स्वच्छ, छोटेसे. मुलीला विचारायचे होते पण ती अडखळली. आजूबाजूच्या टेबलांवर कॉलेजची मुले-मुली बसलेली होती. ती हळूच मला म्हणाली, "अम्मी, 'हलाल आहे का' असे विचारले की सगळे वळून बघतात." तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून हा साधा शब्द टीव्हीवर भांडणाचा शब्द झाला आहे. सतरा वर्षांच्या मुलीने भरल्या ठिकाणी तो उच्चारायचा म्हणजे धीर लागतो. न विचारता खाणे किंवा न खाता उठून जाणे तिला त्यापेक्षा सोपे वाटत होते, आणि मला नेमकी त्याचीच काळजी होती.

मी तिला म्हणाले, शब्द जड वाटत असेल तर प्रश्नाचे तुकडे कर. सूप कशाच्या हाडांचे आहे? कोंबडी कोणत्या दुकानातून येते? सॉसमध्ये मिरिन किंवा साके घालता का? आमचे वेगळ्या भांड्यात करता येईल का? तिने वेटरला हे चार प्रश्न विचारले. तो पोरगा ईशान्येकडचा होता, त्याने न कुरकुरता आत जाऊन स्वयंपाक्यालाच बाहेर बोलावून आणले. त्या गृहस्थांनी सगळे सांगितले. जपानमध्ये 'तोंकोत्सू' नावाचे रामेन डुकराच्या हाडांच्या सुपात करतात, ते त्यांच्याकडे नव्हते. मिरिन म्हणजे तांदळापासून केलेली गोडसर दारू, तिच्यात साधारण चौदा टक्के मद्यार्क असतो, ती ते एका सॉसमध्ये वापरत होते. कोंबडीच्या दुकानाचे नाव त्यांनी सांगितले. दुकान सदरचे, आमच्या माहितीतले. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही विचारणाऱ्या पहिल्या नाही. जैन लोक येतात, ते कांदा-लसूण विचारतात, बटाटासुद्धा विचारतात. श्रावणात लोक वेगळे तवे मागतात. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. विचारलेले बरे, नंतर भांडण नको." त्यांनी तो सॉस वगळून आमचे वाडगे करून दिले.

मुलगी घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जैन मुलगी विचारते तसेच मी विचारले." मी म्हणाले, तसेच. आपल्या देशात खाण्याआधी विचारणे ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. इथे सोमवार, एकादशी, चातुर्मास, नवरात्र, पर्युषण, रोजे सगळेच पाळले जातात. आपला प्रश्न त्या रांगेतला एक आहे. तो आवाज न चढवता आणि मान खाली न घालता विचारता आला पाहिजे.

विचारायचे काय, याची यादी मुलीने तेव्हापासून आपल्या वहीत ठेवली आहे. ती इतर आयांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते. जपानी पदार्थांत मिरिन आणि साके. सुपांत डुकराच्या हाडांचा किंवा चरबीचा रस. मार्शमॅलो, जेली आणि काही पुडिंगमध्ये जिलेटिन, जे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. सोया सॉस आंबवून करतात आणि आंबताना त्यात थोडा मद्यार्क आपोआप तयार होतो. त्याबद्दल आणि सिरक्याबद्दल आलिमांनी सविस्तर लिहिले आहे, ते वाचावे किंवा आपल्या मशिदीत विचारावे. पाकिटबंद वस्तू असेल तर आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे हिरवा गोल ठिपका शाकाहारी आणि तपकिरी त्रिकोण मांसाहारी पदार्थाला असतो. हिरवा ठिपका असला की मांस, चरबी, जिलेटिन यांची चिंता मिटते, मग घटकांच्या यादीत मद्य तेवढे पाहायचे. कोरियन नूडल्सच्या काही पाकिटांवर तर कोरियातल्या मुस्लिम संघटनेचा हलाल शिक्का असतो. सोल शहरात इटेवॉन भागात १९७६ पासून मोठी मशीद आहे आणि तिच्या आसपास हलाल खाणावळी आहेत, हे मुलीला समजले तेव्हा तिने ते सगळ्या मैत्रिणींना सांगितले.

समुद्री पदार्थांत आणखी एक गुंता आहे. आपण नागपूरकडचे बहुतेक लोक हनफी. आपल्याकडे मासा चालतो, खेकडा आणि माकूल नाही, झिंग्याबद्दल आलिमांत दोन मते. बी.एड.ला माझ्यासोबत रत्नागिरीची एक मैत्रीण होती, कोकणी मुसलमान, शाफई. तिच्या घरी खेकड्याचे कालवण हे सणाचे जेवण. थाई सूप मागवताना मुलाने विचारले की मग बरोबर कोण? मी सांगितले की दोघेही आपापल्या इमामाच्या मागे आहेत आणि दोघेही नमाज एकाच किब्ल्याकडे तोंड करून पढतात. आपण आपले पाळायचे, तिच्या ताटावर फतवा द्यायचा नाही.

आता ज्या भागाबद्दल आपल्या लोकांत फार कमी बोलले जाते त्याकडे वळते. हलालची पाटी लावली की प्रश्न संपला, असे आपण धरून चालतो. कुरआनमध्ये सूरह बकरहच्या १६८ व्या आयतीत 'हलाल' शब्दाला जोडूनच 'तय्यब' शब्द आला आहे. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, शरीराला बाधणार नाही असे. आपण पहिल्या शब्दासाठी दहा प्रश्न विचारतो आणि दुसऱ्यासाठी एकही नाही.

शवर्म्याचेच पाहा. नाव तुर्की 'चेविर्मे' म्हणजे फिरवणे यावरून आलेले, पदार्थ अरब देशांतून केरळात आणि तिथून देशभर पोहोचलेला. आपल्या वस्त्यांत विकणारे आपले, कोंबडी आपल्याच दुकानातली, हलालची शंका नाही. पण मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात चेरुवथूरला शवर्मा खाऊन सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी वारली आणि कितीतरी जण इस्पितळात गेले. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला एकोणीस वर्षांचा तरुण असाच गेला. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये. कारण सरळ आहे. गजावरच्या मांसाचा बाहेरचा थर भाजला जातो, आतला कोमटच राहतो. पाच ते साठ अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. गिऱ्हाईक कमी असले की विक्रेता आच मंद करतो आणि तेच मांस तासन्‌तास त्या कोमट अवस्थेत फिरत राहते. त्यात कच्च्या अंड्याचे मेयोनीज मे महिन्याच्या नागपुरी उन्हात बाहेर ठेवलेले.

आमच्या मुलालाही गेल्या उन्हाळ्यात एका गाडीवरचा शवर्मा बाधला. दोन दिवस सलाईन लागले. गाडी आपल्यातल्याच माणसाची, पाटीवर हिरव्या अक्षरांत हलाल लिहिलेले. मुलगा बरा झाल्यावर त्याचे अब्बा त्या गाडीवाल्याकडे गेले. भांडायला नव्हे. त्यांनी बाजूला घेऊन सांगितले की मेयोनीज बर्फाच्या पेटीत ठेवा, कापलेले मांस तव्यावर पुन्हा भाजून मगच रोटीत भरा, रात्री उरलेले दुसऱ्या दिवशी गजावर लावू नका. तो माणूस आधी तडकला. पण पुढच्या आठवड्यात तिथे थर्माकोलची पेटी आली आणि तवाही आला. आमचा मुलगा अजून तिथे खात नाही, ती त्याची मर्जी. पण हलालच्या नावाने धंदा करणाऱ्याला तय्यबची आठवण आपणच करून द्यायला हवी. बाहेरच्या माणसाला आपण चार प्रश्न विचारतो, मग घरच्याला का सोडायचे?

खर्चाचेही बोलले पाहिजे. रामेनच्या त्या दिवशी पाच जणांचे बिल तीन हजारांच्या जवळ गेले. आमच्या घराला महिन्यातून एकदा ते झेपते, पण ज्या मुलीने रामेन फक्त मोबाईलवर पाहिले तिच्या घरात तेवढ्यात आठवडाभराचा बाजार होतो. खा-प्या पण उधळपट्टी नको, ही ताकीद कुरआनमध्ये आहेच. मुलांना मी बिल वाचायला लावते. कधी कधी ते स्वतःच म्हणतात की हा पदार्थ घरी करून पाहू.

शाळेत यंदा बाल आनंद मेळावा झाला. त्यात मुले आपापले खाण्याचे स्टॉल लावतात, विकतात, हिशेब ठेवतात. दरवर्षी दहीवडे, चना चाट, भजी असते. नववीच्या मुलींनी यंदा मोमोज आणि शेवयांच्या सुपाचा स्टॉल मागितला. मी होकार दिला आणि सासूबाईंची इडलीची भांडी शाळेत नेली. मैदा, कोबी, गाजर, आले-लसूण असे सामान त्यांनी महात्मा फुले बाजारातून आणले. कोंबडीचे सूप एकीच्या अम्मीने घरून करून दिले. निबंधात रामेन लिहिणारी मुलगी त्या सुपाच्या पातेल्यापाशी उभी होती. प्रत्येक वाडग्यात उकडलेल्या अंड्याचा अर्धा तुकडा ती मोजून ठेवत होती, मोबाईलवर पाहिले होते अगदी तसाच. संपल्यावर मी विचारले, "तू खाल्लेस का?" म्हणाली, "पहिला वाडगा मीच खाल्ला मॅडम, दहा रुपये देऊन." चव कशी होती विचारल्यावर तिने थोडा विचार केला. "शेवयांच्या खिचड्यासारखी," ती म्हणाली, "पण चांगली."

माझी मुलगी पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, पुण्याला शिकायला जाईल. तिथे वसतिगृह असेल, मेस असेल, रात्री मागवलेले जेवण असेल. तिथे मी नसेन, तिचे अब्बा नसतील, दादीचे खिम्याचे मोमोज नसतील. या वर्षभरात आम्ही जे रविवार घालवले ते खरे म्हणजे त्या दिवसांसाठी होते. कुठे खावे आणि कुठे खाऊ नये याची यादी करून मी तिच्या बॅगेत ठेवली तरी शहर बदलले की ती निरुपयोगी होईल. विचारण्याची सवय मात्र सोबत जाते.

गेल्या महिन्यात तिच्या एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. मैत्रीण महालातली, मराठी घरची. जेवण धरमपेठेतल्या एका कोरियन कॅफेमध्ये ठरले. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या मैत्रिणीचाच फोन आला. मुलगी स्वयंपाकघरात होती, फोन मी उचलला. ती म्हणाली, "काकू, तिला सांगा की मी कॅफेत फोन करून विचारलं. कोंबडी कुठून आणतात तेही विचारलं आणि त्यांच्या सॉसमध्ये दारू नाही. आणि माझा उपवास आहे, म्हणून मी फक्त ज्यूस घेणार आहे, तर तिने माझ्यासाठी थांबू नये."

मी निरोप दिला. मुलगी म्हणाली, "मग तिला सांगा, मी तिच्यासाठी साबुदाण्याचे वडे घेऊन येते, घरचे, वेगळ्या तेलात तळलेले." आणि तिने दादीला साबुदाणा भिजत घालायला सांगितले.